कांद्याचे १५ लॉट: सरासरी २,३२३ आणि मध्यक १,४००. पत्रकात नेमका कुठला आकडा लिहायचा?

हिशेबवही

नमस्कार मंडळी. शेतकरी उत्पादक कंपनीच्या मासिक बैठकीसाठी कांदा विक्रीचा एक पानी गोषवारा करायचा आहे. सुरुवात म्हणून एकाच दिवसाचे १५ लॉट घेतले आहेत. शीटमध्ये आहेत त्याच क्रमाने दर देतो (रुपये प्रति क्विंटल), कंसात वजन क्विंटलमध्ये:

१४०० (३०), १२५० (१८), १५५० (१८), १७०० (१०), १३०० (२५), १४५०० (२४), १५०० (२६), ९०० (६), १४०० (२२), १६०० (१५), २४०० (२), १३५० (२०), १५०० (२०), ११०० (१२), १४०० (२८)

एक्सेलने दिलेली उत्तरं: सरासरी २,३२३.३३, मध्यक १,४००, बहुलक १,४००, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप) ३,३८४.५.

माझे प्रश्न:
१. सरासरी आणि मध्यक यांत इतका फरक का? पत्रकात कुठला लिहायचा?
२. प्रमाण विचलन सरासरीपेक्षाही मोठं आलंय. असं असू शकतं का? ते सभासदांना सांगायचं कसं?
३. चतुर्थकं (रांगेचे चार समान भाग पाडणारे आकडे) हाताने काढली की वेगळी येतात, एक्सेलमध्ये वेगळी. चूक कुणाची?

दहावीचं मध्य-मध्यक-बहुलक आठवतंय, पण सूत्र पाठ असणं आणि आकडा निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आता कळतंय.

---

मधला_माणूस

कुठलंही सूत्र लावायच्या आधी आकडे चढत्या क्रमाने लावा. एवढंच करा आणि बघा:

९००, ११००, १२५०, १३००, १३५०, १४००, १४००, १४००, १५००, १५००, १५५०, १६००, १७००, २४००, १४५००

शेवटचा आकडा दिसला? सहावा लॉट. कुणीतरी शून्य जास्त दाबलंय. शीटमध्ये हजाराचा स्वल्पविराम लावलेला नसला की १४५०० आणि १५०० शेजारी शेजारी बसले तरी डोळा घसरून जातो. दराच्या रकान्याला आधी स्वल्पविरामाची मांडणी लावून घ्या, अर्ध्या चुका तिथेच दिसतात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या रांगेतच आहे. सरासरी म्हणजे बेरीज भागिले नग. बेरीज ३४,८५०, त्यातले १४,५०० एकट्या सहाव्या लॉटचे. त्याने सरासरी इतकी वर ओढली की १५ पैकी १३ लॉट ‘सरासरीच्या खाली’ गेले. मध्यकाला मात्र आकडा किती मोठा आहे याचं सोयरसुतक नसतं, तो रांगेत कितवा आहे एवढंच बघतो. १५ नगांत आठवा. शेवटचा गडी १,४५० चा असो की १४,५०० चा, आठव्या जागेवर १,४००च.

म्हणून सरासरी आणि मध्यक यांच्यात मोठी दरी दिसली की तो पत्रकात टाकायचा आकडा नसून शीट तपासायचा इशारा समजा. प्रत्येक वेळी चूकच निघेल असं नाही. पगार, जमीनधारणा, घरांच्या किमती यांत अशी दरी खरीच असते. पण आधी बघायचं.

आणि एक विनंती: अंदाजाने शून्य खोडू नका. हिशोबपट्टी (विक्रीची पावती) काढा, तिथे १,४५० असेल तर १,४५० करा. १४,५०० चा १,५०० किंवा १,४०० पण असू शकतो, दोन कळा एकदम दाबल्या गेल्या की असंही होतं. २,४०० आणि ९०० या दोन पट्ट्याही काढून ठेवा, त्या लागणार आहेत.

---

हिशेबवही

पट्टी पाहिली. १,४५०च आहे, टंकताना चूक. दुरुस्त केल्यावर सरासरी १,४५३.३३, मध्यक १,४००, प्रमाण विचलन ३२८.१. हुश्श!

२,४०० चा दर खरा आहे, तो पांढरा कांदा होता. ९०० वाली पट्टी गोल्टीची (बारीक कांद्याची). बाकी सगळा उन्हाळी.

---

तराजू

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण १,४५३ हा आकडाही पत्रकात टाकू नका. तो लॉटचा सरासरी दर आहे, कांद्याचा नव्हे. २ क्विंटलच्या पांढऱ्या कांद्याला आणि ३० क्विंटलच्या उन्हाळीला त्यात एकसारखा मान मिळालाय.

सभासद विचारणार, ‘क्विंटलमागे किती पडले?’ त्याला भारित सरासरी लागते. प्रत्येक लॉटचा दर गुणिले वजन, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन:

रक्कम ३,९०,१०० रुपये, वजन २७६ क्विंटल, म्हणजे १,४१३.४१ रुपये.

एक्सेलमध्ये ‘सम्प्रॉडक्ट’मध्ये दर आणि वजन हे दोन रकाने द्या, त्याला वजनाच्या ‘सम’ने भागा. मधला गुणाकाराचा रकाना लागत नाही, तरी मी ठेवा म्हणेन. त्याची बेरीज बँकेत जमा झालेल्या ढोबळ रकमेशी ताडून बघता येते.

फरक ४० रुपयांचा दिसतो, पण १,४५३.३३ ला २७६ ने गुणलंत तर ४,०१,१२० येतात. हातात आलेल्या रकमेपेक्षा ११,०२० रुपये जास्त. बैठकीत कुणीतरी कॅल्सी काढून हे करणारच, आणि मग बाकीचे अकरा हजार कुठे गेले यावर तासभर जाईल.

याच जातीची दुसरी चूक महिन्याचा गोषवारा करताना होते: सरासऱ्यांची सरासरी. समजा दुसऱ्या दिवशी फक्त ४० क्विंटल गेला, १,७०० च्या भारित दराने. १,४१३.४१ आणि १,७०० यांची मधली किंमत १,५५६.७० येते. खरा दर (३,९०,१०० + ६८,०००) भागिले ३१६, म्हणजे १,४४९.६८. क्विंटलमागे १०७ रुपयांचा फुगा! म्हणून रोजची सरासरी साठवू नका, रोजची रक्कम आणि रोजचं वजन साठवा. त्यातून आठवड्याची, महिन्याची, हंगामाची सरासरी केव्हाही निघते.

मध्यकाचं तर असं जोडकाम होतच नाही. सोमवारचा मध्यक आणि मंगळवारचा मध्यक हाताशी असले म्हणून दोन्ही दिवसांचा मध्यक कळत नाही. त्याला सगळे लॉट पुन्हा एका रांगेत उभे करावे लागतात. लॉटवार नोंद फेकू नका.

---

कोष्टक

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

प्रमाण विचलन सरासरीपेक्षा मोठं असू शकतं. गणिताच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही. पण जे आकडे शून्याखाली जाऊच शकत नाहीत (दर, वजन, वय, पाऊस) त्यांत तसं दिसलं तर बहुधा काही मोजके नग बाकीच्यांपासून फार लांब असतात. तुमच्या चुकलेल्या शीटमध्ये सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या एकूण बेरजेचा सुमारे ९२ टक्के वाटा एकट्या १४,५०० चा होता.

दुरुस्त आकड्यांवर एकदा हाताने करून बघा, मग ते सूत्र आयुष्यभर समजेल. सरासरी १,४५३.३३. प्रत्येक दरातून ती वजा करा, फरकाचा वर्ग करा. २,४०० साठी फरक ९४६.६७, वर्ग ८,९६,१७८. पंधराही वर्गांची बेरीज १५,०७,३३३. तिला १४ ने भागलं की १,०७,६६७, हे प्रचरण. त्याचं वर्गमूळ ३२८.१, हे प्रमाण विचलन. वर्गमूळ कशाला? कारण प्रचरणाचं एकक ‘रुपयांचा वर्ग’ असतं, ते कुणाला सांगणार?

आता त्या बेरजेकडे पुन्हा बघा. १५ लाखांपैकी जवळपास ९ लाख, म्हणजे ५९ टक्के, एका दोन क्विंटलच्या पांढऱ्या लॉटचे. गोल्टीचे आणखी ३,०६,१७८, म्हणजे २० टक्के. ‘दरात ३२८ रुपयांचा चढउतार होता’ असं तुम्ही लिहाल तेव्हा त्यामागच्या वर्गांच्या बेरजेतला चार पंचमांश भाग चढउताराचा नाहीच, तो तीन निरनिराळे माल एका रकान्यात टाकल्याचा आहे.

१५ ने भागायचं की १४ ने, हा प्रश्न पुढे येणारच म्हणून आधीच लिहितो. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत बहुधा नगांच्या संख्येने भागतात, एक्सेलचं ‘स्टडेव्ह डॉट पी’ तेच करतं, उत्तर ३१७.०. ‘स्टडेव्ह डॉट एस’ एक कमी करून भागतं, उत्तर ३२८.१. सरासरी याच आकड्यांतून काढलेली असल्यामुळे १५ फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. १४ फरक माहीत असले की पंधरावा ठरूनच गेला. मोकळे नग १४च. त्या दिवशीचे सगळेच लॉट तुमच्याकडे आहेत आणि बोलायचंही तेवढ्या दिवसाबद्दलच आहे, तर पी. या १५ वरून हंगामातल्या इतर दिवसांबद्दल काही म्हणायचं असेल तर एस. शेकड्यांनी नग असले की दोन्हींत नावाला फरक उरतो. फक्त पत्रकाच्या सगळ्या महिन्यांत एकच वापरा.

चतुर्थकांत चूक कुणाचीच नाही. १५ दरांची रांग लावली की पुस्तकी पद्धतीने पहिलं चतुर्थक (१५ + १) भागिले ४, म्हणजे चौथ्या जागी: १,३००. तिसरं बाराव्या जागी: १,५५०. एक्सेलचं नेहमीचं ‘क्वार्टाइल डॉट इन्क’ जागा वेगळी मोजतं, (१५ − १) गुणिले ०.२५ अधिक १, म्हणजे साडेचारावी जागा. तिथे १,३०० आणि १,३५० यांच्या मधोमध १,३२५. वरचं तसंच १,५२५. पुस्तकासारखं उत्तर हवं असेल तर ‘क्वार्टाइल डॉट एक्स्क’ वापरा. नग थोडे असले की हा फरक बोचतो. दोन-तीनशे लॉट असते तर तुम्हाला कळलाही नसता.

सभासदांना सांगायला मला तरी चतुर्थकंच सोयीची वाटतात. ‘प्रमाण विचलन ३२८’ म्हटल्यावर समोरचे नुसती मान हलवतील. ‘मधल्या निम्म्या लॉटना १,३०० ते १,५५० दर मिळाला’ हे कुणालाही कळतं.

---

सरळरेषा

एवढा खटाटोप कशाला? सोपा नियम आहे. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर जो आकडा जाईल तो काढून टाकायचा. ६८, ९५, ९९.७ टक्केवाला नियम (सरासरीच्या मागेपुढे एक, दोन, तीन विचलनांत इतके टक्के नग येतात) सगळ्यांना माहीत आहे.

---

कोष्टक

@सरळरेषा, तो नियम घंटेच्या आकाराच्या वितरणाचा आहे आणि इथे तो तीन ठिकाणी अडतो.

एक. दुरुस्त आकड्यांत २,४०० हा सरासरीपासून ९४६.६७ भागिले ३२८.१, म्हणजे २.८९ विचलनं लांब. तीनच्या आत, म्हणजे नियमाने तो ‘ठीक’. तो स्वतःच विचलन फुगवतो आणि त्या फुगवट्याच्या आड लपतो.

दोन. चुकलेल्या शीटवर नियम लावलात तर १४,५०० जेमतेम पकडला जातो (३.६०). पण त्याच शीटमध्ये २,४०० चं अंतर आहे ०.०२ विचलन. म्हणजे सगळ्यांत वेगळा खरा दर त्या दिवशीचा सगळ्यांत ‘सरासरी’ दर ठरतो!

तीन. नग १० किंवा त्याहून कमी असले तर हा नियम काहीच पकडू शकत नाही. एस पद्धतीने काढलेल्या विचलनात कुठलाही एक नग सरासरीपासून जास्तीत जास्त (एन − १) भागिले एनचं वर्गमूळ इतकाच दूर जाऊ शकतो (एन म्हणजे नगांची संख्या). १० नगांना ती मर्यादा २.८५. दहावा आकडा एक कोटीचा टाका, तरी तीनच्या वर जाणार नाही. करून बघा.

६८ टक्क्यांचंही तेच. १,४५३ च्या मागेपुढे ३२८ घेतलं तर १,१२५ ते १,७८१ या पट्ट्यात १२ लॉट येतात, म्हणजे ८० टक्के.

त्यापेक्षा चतुर्थकांचं कुंपण घाला. संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी रूढ केलेली पद्धत: दोन्ही चतुर्थकांतलं अंतर काढा, त्याची दीडपट खाली आणि वर सोडा. पुस्तकी चतुर्थकं घेतली तर अंतर २५०, दीडपट ३७५, कुंपण ९२५ ते १,९२५. एक्सेलची घेतली तर १,०२५ ते १,८२५. दोन्हींत ९०० आणि २,४०० बाहेर पडतात. नेमके गोल्टी आणि पांढरा.

पण कुंपणाबाहेर म्हणजे ‘काढून टाका’ नाही. कुंपणाबाहेर म्हणजे ‘पट्टी बघा’. पट्टी बघितल्यावर तीनच शक्यता असतात: टंकनाची चूक (सुधारा), दुसराच माल (वेगळा दाखवा) किंवा खरोखरच तसा आकडा (ठेवा आणि ठळक सांगा). २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३ मिमी. कुठलंही कुंपण ९४४ ला बाहेर काढेल. म्हणून तो खोडायचा? आणि दोन्हींची सरासरी काढली तर ५०८.५ मिमी येते, तितका पाऊस त्या दिवशी दोन्हींपैकी कुठल्याच वेधशाळेत पडला नव्हता.

---

तराजू

+१. आणि हे कुंपण एकदाच घालायचं. गोल्टी आणि पांढरा बाजूला काढून उरलेल्या १३ लॉटना पुन्हा एक्सेलची चतुर्थकं लावली तर ती १,३५० आणि १,५०० येतात, कुंपण १,१२५ ते १,७२५, आणि आता बिचारा १,१०० बाहेर! त्याला काढलं की १,७०० अगदी कुंपणाच्या रेषेवर येतो. पुस्तकी पद्धतीने तोच १,१०० आत राहतो. असा आकडा पद्धतीवर अवलंबून आत-बाहेर करत असेल तर त्याला हात लावू नये.

---

मधला_माणूस

बहुलकावर कुणी बोललं नाही, आणि बाजारभावात तर रोजचा व्यवहार त्याच्यावरच चालतो. पणन मंडळाच्या दरपत्रकात कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे तीन रकाने असतात. तो ‘सर्वसाधारण’ म्हणजे इंग्रजी दरपत्रकातला ‘मोडल’ दर, थोडक्यात बहुलकाची कल्पना: जास्तीत जास्त माल ज्या दराच्या आसपास गेला तो. पुष्कळ जण तो सरासरी समजून वाचतात.

नुसते कमाल-किमान वाचून मनातल्या मनात मध्य काढणारेही खूप. तुमच्या दिवसाचं बघा. ९०० आणि २,४०० यांचा मध्य १,६५०. प्रत्यक्षात १५ पैकी १३ लॉट १,६५० च्या खाली गेले. विस्तार (इथे १,५००) हा दोनच लॉटवर उभा असतो, आणि तेही सगळ्यांत विचित्र दोन.

तुमच्या यादीत १,४०० तीनदा आला म्हणून बहुलक सुखाने मिळाला. लॉटच्या नाही तर क्विंटलच्या हिशेबानेही तोच येतो, ८० क्विंटल त्या दराने गेलेत. पण लिलावात १,४०१, १,४११, १,४२५ असे दर पुकारले गेले तर एकही आकडा दोनदा येणार नाही आणि एक्सेल चूक दाखवून मोकळं होईल. मग वर्ग (दरांचे सारख्या रुंदीचे गट) पाडावे लागतात, आणि वर्ग कुठून सुरू केले यावर बहुलक हलतो.

तुमच्याच १५ दरांचे २०० रुपयांचे वर्ग पाडून बघू. ८०० पासून सुरू केले तर १,४०० ते १,६०० या वर्गात ७ लॉट, आधीच्यात ३, नंतरच्यात २. दहावीच्या सूत्राने: १,४०० + (७ − ३) भागिले (१४ − ३ − २) गुणिले २००, म्हणजे १,४८९. आता वर्ग ९०० पासून सुरू करा. १,३०० ते १,५०० मध्ये ६, आधीच्यात २, नंतरच्यात ४. उत्तर १,४३३. तोच माल, त्याच पट्ट्या, ५६ रुपयांचा फरक, केवळ वर्ग कुठून सुरू केले यामुळे. म्हणून वर्गीकृत बहुलक दिला तर वर्गही द्या, आणि दर महिन्याला तेच ठेवा.

त्यापेक्षा सोपं: कागदावर आडवी रेघ ओढा, १०० रुपयांच्या खुणा करा, प्रत्येक लॉटसाठी एक ठिपका. पंधरा ठिपक्यांना दोन मिनिटं लागतात. मधला घोळका, डावीकडे एकटी गोल्टी आणि उजवीकडे लांब पांढरा एका नजरेत दिसतात.

---

कोष्टक

ठिपक्यांना दुजोरा. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये चार आकडेसंच दिले होते, प्रत्येकी ११ बिंदूंचे. एका रकान्याची सरासरी चारही संचांत ९, दुसऱ्याची ७.५, प्रचरण आणि सहसंबंधही जवळपास सारखेच. आलेख काढला की एक सरळ रेषेभोवतीचा विखुरलेला, एक स्वच्छ वक्र, एकात एक बिंदू भलतीकडे, एकात सगळे एकाच उभ्या रेषेत आणि एक दूर. गोषवारा सारखा, माल चार तऱ्हांचा.

---

तराजू

एक्सेलमधले खड्डे राहिले, तेही लिहून टाकतो.

‘रु. १४००’ असं शब्दासकट टंकलेला दर एक्सेलला आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. सरासरी त्याला गुपचूप वगळते, चूक दाखवत नाही. ओळखायची खूण: मजकूर आपोआप डावीकडे चिकटतो, आकडा उजवीकडे. ‘काउंट’ फक्त आकडे मोजतं, ‘काउंटए’ भरलेल्या सगळ्या चौकटी मोजतं. दोन्ही काढा. १५ आणि १५ आले तरच पुढे जा.

सौदा फिसकटला, माल परत नेला, तर दराच्या जागी ० टाकू नका, रिकामं सोडा. रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही, शून्य धरलं जातं. असा एक शून्याचा लॉट घुसला तर तुमची १,४५३ ची साधी सरासरी १,३६२.५० होते. ९१ रुपये हवेत.

चाळणी लावून फक्त उन्हाळी दाखवलंत तरी ‘एव्हरेज’ लपलेल्या ओळीही मोजतं. दिसणाऱ्या ओळींचीच हवी असेल तर ‘सबटोटल’ घ्या, त्यात सरासरीसाठी १०१ हा अंक.

---

हिशेबवही

मंडळी, कमाल आहे! मी तीन आकडे मागायला आलो होतो. गोल्टी आणि पांढरा वेगळे काढून उरलेल्या १३ लॉटवर पुन्हा मांडलं. मसुदा असा:

‘उन्हाळी कांदा: सरासरी दर १४१७.५३७३ रु., मध्यक १४००, प्रमाण विचलन १५६.२८, चतुर्थके १३५० ते १५००. गोल्टी ९००, पांढरा २४००.’

११०० ठेवलाय. ठीक आहे का?

---

मधला_माणूस

आकडे बरोबर आहेत. विचलन ३२८ वरून १५६ वर आलं बघा, दर तेच, फक्त मालाची सरमिसळ गेली.

थोडे बदल. दशांशानंतरचे चार आकडे काढा. दर ५० च्या पटीत असताना १,४१७.५३७३ लिहिलं की नसलेली अचूकता दिसते, १,४१८ पुरे. आणि ‘सरासरी’ एकटा शब्द सोडू नका, कसली ते लिहा. मी असं लिहीन:

‘उन्हाळी कांदा: १३ लॉट, २६८ क्विंटल. वजनानुसार सरासरी दर १,४१८ रु. प्रति क्विंटल. मधला लॉट १,४०० रु. मधले निम्मे लॉट १,३५० ते १,५०० रु. सर्वांत कमी १,१००, सर्वांत जास्त १,७००. वेगळे: गोल्टी ६ क्विंटल, ९०० रु.; पांढरा २ क्विंटल, २,४०० रु.’

प्रमाण विचलन सभासदांच्या पानावरून काढून तुमच्या शीटमध्ये ठेवा. पुढच्या महिन्यांशी तुलना करायला तुम्हालाच लागेल.

---

कोष्टक

त्यात एक शब्द घाला: चतुर्थकं ‘इन्क’ची आहेत. पुस्तकी पद्धतीने याच १३ लॉटची १,३२५ आणि १,५२५ येतील, आणि सभासदांत एखादे गणिताचे गुरुजी निघालेच तर ते पहिलं तेच काढून बघतील.

---

हिशेबवही

तळटीप टाकली. ११०० च्या पट्टीवर शेरा सापडला: ‘माल ओला’. तसाच ठेवतो, शेऱ्यासकट.